मेल्यात की झोपल्यात? बियांच्या नादात गेलेलं दीड वर्ष

तिसाव्या दिवशी शेवटची मोजणी केली आणि वहीत आकडा लिहिला. बहाव्याच्या १०० बियांपैकी उगवल्या २. म्हणजे महिनाभर रोज सकाळी यायचं, डिश उघडायची, पाणी कमी वाटलं तर घालायचं, भिंगातून बघायचं, आणि एवढं करून हाती आल्या दोन बिया. बाकीच्या ९८ पहिल्या दिवशी होत्या तशाच, तपकिरी, चकचकीत, खड्यासारख्या टणक. फुगल्यासुद्धा नव्हत्या. मी वही घेऊन माझ्या प्रोजेक्ट गाइड मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "मॅडम, बियाणंच खराब निघालं बहुतेक, दुसऱ्या झाडाचं आणते." त्यांनी वही बघितली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मेल्यात की झोपल्यात?"

मला सांगता येईना.

"मग प्रयोग संपला कुठे? ह्या ९८ चं काय झालं ते लिही आधी, मग दुसरं झाड बघ."

तर हे सगळं एमएस्सीतलं. वनस्पती परिसंस्थाशास्त्रात प्रोजेक्ट करायचा होता आणि मी बियांचा विषय घेतला त्यामागे खरं कारण आळस होतं, खोटं कशाला बोलू. बाकीची मुलं उन्हातान्हात क्वाड्रॅट मारत, म्हणजे जमिनीवर चौकोन आखून त्यातली झाडं मोजत फिरणार आणि आपण एका जागी बसून पेट्रीडिशमधल्या बिया मोजणार, असं माझं गणित. झाड बहाव्याचं घेतलं कारण शेंगा हाताशी आणि भरपूर होत्या. बहाव्याची शेंग म्हणजे हातभर लांब काळी नळी, आत चकत्या चकत्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी आणि भोवती काळा चिकट गर. तो गर नखात गेला की दोन दिवस जात नाही. शेंगा हातानं फुटेनात म्हणून मी हातोडी घेतली आणि एका दुपारी बसून धडाधड फोडल्या. ही हातोडी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आधी जरा व्याख्येचं बोलते, कारण मी स्वतः सुरुवातीला इथेच घसरले. बी उगवली नाही म्हणजे ती सुप्त आहे असं नाही. डब्यात कोरडी पडलेली मुगाची बी उगवत नाही, पण ती काही झोपलेली नाही, तिला नुसतं पाणी मिळालेलं नाही, दिलं की उगवेल. सुप्तावस्था म्हणजे पाणी आहे, हवा आहे, तापमान तिला मानवेल असं आहे, सगळं हवं ते दिलंय आणि तरी बी उगवत नाही. साधारण चार आठवडे वाट बघायची आणि मग म्हणायचं की हो, हिच्यात काहीतरी आतून अडलंय. काय अडलंय त्यावरून प्रकार पडतात. कॅरॉल आणि जेरी बास्किन हे जोडपं आयुष्यभर ह्याच विषयात आहे, त्यांनी २००४ साली निकोलायेवा ह्या रशियन बाईंच्या जुन्या कामावर आधारून पाच प्रकारांची जी मांडणी दिली तीच आता सगळीकडे वापरतात. काही बियांत भ्रूणाला जोरच नसतो, संप्रेरकांचा मामला असतो. काहींत भ्रूणाची वाढच अर्धवट झालेली असते, बी पडते तेव्हा आत नुसता ठिपका असतो आणि तो आधी मोठा व्हावा लागतो. काहींत ह्या दोन्ही अडचणी एकदम. काहींत कवचातून पाणीच आत शिरत नाही. आणि पाचवा प्रकार म्हणजे कवच पण बंद आणि भ्रूण पण सुस्त. परीक्षेला मी हे पाच मुद्दे घडाघडा लिहिले होते आणि मार्कही मिळाले होते, पण समोर ९८ बिया आल्यावर ह्यातलं काय लावायचं ते काही सुचेना. पाठ करण्याचं हे असं असतं.

तर मेल्यात की झोपल्यात. ह्यासाठी टेट्राझोलियमची टेस्ट करतात. जिवंत पेशींत श्वसन चालू असतं, तिथली डिहायड्रोजिनेज नावाची विकरं (एन्झाइम) टेट्राझोलियम हा रंगहीन पदार्थ लालभडक करून टाकतात, मेलेल्या पेशी पांढऱ्याच राहतात. एक टक्क्याचं द्रावण, अंधार, तीस अंश. पण द्रावण आत जायला आधी बी फुगायला पाहिजे आणि माझ्या बिया तर फुगतच नव्हत्या, म्हणून प्रत्येकीच्या कडेला नेलकटरनं बारीक टवका काढला, रात्रभर भिजत ठेवल्या, सकाळी ब्लेडनं उभ्या कापल्या. बहाव्याची बी कापणं हा एक वेगळाच व्यायाम आहे, आतला साठा भिजल्यावरसुद्धा शिंगासारखा चिवट आणि ब्लेड घसरून बोटावर येतं, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. कापलेले अर्धे भाग द्रावणात घालून फॉइल गुंडाळून ठेवले आणि मी जेवायला गेले.

परत येऊन फॉइल काढलं तर वाटीत लाल. सगळं लाल नाही, कडेचा पांढुरका भाग तसाच, पण मधोमध भ्रूण, दोन पातळ बीजपत्रं आणि त्यांच्या टोकाशी मूलांकुराचा, म्हणजे पुढे मूळ होणाऱ्या भागाचा टोचा, सगळं डाळिंबाच्या दाण्यासारखं. एक नाही दोन नाही, जवळजवळ प्रत्येक बीत. महिनाभर मी ज्यांना मेलेल्या समजून मनातल्या मनात शिव्या घालत होते त्या सगळ्या आत बसून शांतपणे श्वास घेत होत्या. मी तो वाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, कोणालाच काही कळलं नाही, आईनं विचारलं लोणचं केलंस का.

म्हणजे झोपल्यात. आता कशामुळे? पाणी आत जातंय का बघायचं तर सोपा उपाय वजन करणं. दोन गट केले, एक जशाच्या तशा बियांचा, एक टवका काढलेल्यांचा. टवका कुठे काढायचा हेही शिकावं लागतं, मूलांकुराच्या विरुद्ध टोकाला काढायचा, नाहीतर उगवणारा भागच कापला जातो (पहिल्या दहा मी अशाच घालवल्या). मग दर थोड्या तासांनी बी बाहेर काढायची, टिश्यूवर टिपायची, वजन करायचं, परत पाण्यात. टिपणं सारखं जमलं पाहिजे, एकीला जास्त दाबून टिपलं आणि दुसरीला कमी की आकडे नाचतात. मी पहिल्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत लॅबमध्ये बसले होते. जशाच्या तशा बियांचं वजन दोन दिवस काट्यावर हललं नाही, तिसऱ्या दशांश स्थळावर थोडं इकडेतिकडे, तेवढंच. टवक्याच्या बिया दुसऱ्या दिवशी जवळजवळ दुप्पट. रंग बदलला, चकाकी गेली, कवच मऊ पडून एका बाजूला फाटलं, आणि काही दिवसांतच तिथून पांढरं टोक बाहेर आलं. दोन मिलिमीटर बाहेर आलं की उगवली म्हणून मोजायची असा नियम मी ठरवला होता, पण पहिल्या बीला मी दीड मिलिमीटरलाच मोजलं, राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी खोडून परत लिहिलं.

कवचाचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर कारण समोरच. बाहेरून एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या लांबट पेशींची ओळ, कुंपणाच्या फळ्यांसारखी, मध्ये फट म्हणून नाही. शेंगावर्गीयांत, भेंडी-कापसाच्या कुळात, गारवेलीच्या कुळात हा प्रकार भरपूर सापडतो. गंमत म्हणजे बी झाडावर हिरवट असते तेव्हा हे कवच बंद नसतं. मी अर्धवट पिकलेल्या शेंगेतल्या काही बिया पाण्यात टाकून बघितल्या, लगेच फुगल्या. बी वाळत जाते तशी बंद होत जाते. हाइड नावाच्या माणसानं १९५४ मध्ये क्लोव्हर आणि ल्युपिन ह्या शेंगावर्गीय वनस्पतींच्या बियांत दाखवलं होतं की बीच्या नाळेच्या जागेची खूण, हायलम, ती एकतर्फी झडपेसारखी चालते. बाहेर कोरडं असलं की उघडते आणि आतला ओलावा बाहेर जातो, बाहेर दमट झालं की मिटते आणि बाहेरचा आत येऊ देत नाही. म्हणजे बी सुकत सुकत जाते आणि उलटं कधीच होत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी हॉस्टेलवर जो भेटेल त्याला पकडून सांगत होते.

आता त्या दोन बिया. १०० पैकी उगवलेल्या. मी त्यांचा विचारच केला नव्हता, नशिबानं उगवल्या असतील. पण लॅबमधले एक पीएचडी करणारे दादा होते, त्यांनी विचारलं की शेंगा फोडल्यास कशानं? हातोडीनं, म्हटलं. ते हसायलाच लागले. मग उरलेल्या साठ्यातल्या बिया आम्ही एकेक करून भिंगाखाली घातल्या आणि खरंच, काहींच्या कवचावर केसाएवढी बारीक चीर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. म्हणजे माझ्या कंट्रोलमध्येच, ज्या गटातल्या बियांना काहीच करायचं नसतं त्यातच, ट्रीटमेंट झाली होती! मळणीयंत्रातून काढलेल्या शेंगावर्गीय चारापिकांच्या बियांतही हेच होतं म्हणे, यंत्रातच त्यांची कवचं खरवडली जातात आणि हातानं काढलेल्या बियांपेक्षा त्या जास्त उगवतात. मी सगळा साठा बाजूला ठेवला, नवीन शेंगा आणल्या, ह्या वेळी त्या सालीच्या शिवणीवर करवतीनं अलगद कापून, गर भिजवून, बोटांनी सोडवून. एक शेंग व्हायला अर्धा तास. नवा कंट्रोल लावला. चार रेप्लिकेट म्हणजे एकसारखेच चार गट, प्रत्येकी २५ बिया, तीस दिवस. शून्य, शून्य, शून्य, शून्य. इतका आनंद शून्य बघून मला कधी झाला नव्हता.

मग ट्रीटमेंटचा धडाका. सँडपेपरनं घासणं सगळ्यात भरवशाचं पण बोटांची सालं निघतात. गरम पाण्याचं मी असं केलं की उकळतं पाणी, त्यात बिया, गॅस चालूच, आणि फोन आला. दहा मिनिटं उकळल्या. त्या फुगल्या झकास, सगळ्या फुगल्या, आणि चार दिवसांनी सगळ्यांना बुरशी आली कारण शिजल्या होत्या, शिजलेली बी फुगणारच की. बरोबर पद्धत अशी की पाणी उकळून खाली उतरवायचं, मग त्यात बिया टाकायच्या आणि पाणी आपोआप गार होऊ द्यायचं. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची ट्रीटमेंट दादांच्या देखरेखीखाली, गॉगल, ग्लव्ह्ज, फ्यूम हूड सगळं. तिथली खरी भीती ॲसिडमध्ये बुडवताना नसते, बाहेर काढताना असते. ॲसिड लागलेल्या बियांवर थोडंसं पाणी टाकलं तर एकदम तापतं, उडतं, म्हणून आधी ॲसिड पूर्ण निथळून काढायचं आणि बिया भरपूर गार पाण्यात एकदम सोडायच्या, ढवळत राहायचं, मग परत परत धुवायच्या. वेळ कमी झाला तर कवच तसंच राहतं, जास्त झाला तर भ्रूण भाजतो. माझ्या वहीच्या त्या पानाला एक भोक आहे, कडा काळ्या. तेवढ्यावर निभावलं.

मधल्या काळात मॅडमनी मला लेट्यूसच्या बियांवर एक छोटा सराव दिला होता, उजेड आणि अंधार. लेट्यूसच का तर त्याच्या ग्रँड रॅपिड्स नावाच्या वाणावर १९५२ मध्ये बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध प्रयोग केला. लाल उजेड दिला की बी उगवते, त्यानंतर दूरचा लाल म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड दिला की उगवायचं रद्द, परत लाल दिला की परत उगवते, कितीही वेळा आलटून पालटून द्या, बी फक्त शेवटचा उजेड ऐकते. ह्यातूनच पुढे फायटोक्रोम, म्हणजे झाडांतलं उजेड ओळखणारं रंगद्रव्य, सापडलं. मला एवढं काही करायचं नव्हतं, नुसत्या अर्ध्या डिश उजेडात, अर्ध्या फॉइलमध्ये. रोज फॉइल उघडायचं, मोजायचं, परत गुंडाळायचं. निकाल आला की अंधारातल्याही बिया उजेडातल्याइतक्याच उगवल्या. मी खुशीत लिहून टाकलं की ह्या वाणाला उजेडाची गरज नाही.

मॅडम म्हणाल्या, "मोजायचीस कुठे?"

"टेबलावरच की."

"टेबलावर ट्यूबलाइट आहे ना गं?"

झालं. भिजलेल्या बीला क्षणभराचा उजेडही पुरतो आणि मी तर एकेक बी मोजत पाच-पाच मिनिटं ट्यूबखाली त्यांची प्रदर्शनं भरवत होते. परत लावलं. बियांवर पाणीसुद्धा अंधाऱ्या खोलीत मंद हिरव्या दिव्याखाली घातलं, दुहेरी फॉइल, आणि शेवटच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही म्हणजे नाही. ह्या वेळी अंधारातल्या डिशमध्ये मोजक्याच उगवल्या, उजेडातल्या भरभरून. बारीक बीला ह्याचा उपयोग काय ते नंतर कळलं. तिच्यात शिदोरी कमी, खोल मातीत उगवली तर वर पोचायच्या आधीच संपेल. आणि दाट झाडीखाली पानं लाल उजेड खाऊन टाकतात, दूरचा लाल तेवढा खाली येतो, म्हणजे बीला कळतं की डोक्यावर गर्दी आहे, आत्ता नको. शेतात नांगर फिरला की तणं एकदम का उसळतात त्याचं एक कारण हेच, मातीसोबत बिया वर येतात, त्यांना क्षणभर उजेड लागतो आणि परत गाडल्या गेल्या तरी काम झालेलं असतं.

ह्यावरून बीलची गोष्ट सांगायलाच हवी. विल्यम जेम्स बील, अमेरिकेत मिशिगनमधल्या शेतकी कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १८७९ मध्ये २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळूबरोबर २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया, आणि तोंड खालच्या बाजूला तिरकं करून, म्हणजे पाणी साठू नये म्हणून, जमिनीत पुरल्या. दर काही वर्षांनी एक काढायची. आधी पाच वर्षांनी काढायचे, मग दहा केलं, मग वीस. २०२१ मध्ये सोळावी बाटली काढली, खरं तर २०२० मध्ये काढायची होती पण कोविडच्या साथीमुळे वर्षभर लांबली, आणि त्यातही व्हर्बॅस्कम नावाच्या तणाच्या बिया उगवल्या, १४१ वर्षांनंतर! आणि ही बाटली काढली रात्री, पहाटेच्या आधी, अंधारात, बियांना लॅबमध्ये पोचायच्या आत उजेड लागू नये म्हणून. मी हे आधी वाचलं होतं तेव्हा मला वाटलं हौस आहे लोकांना. फॉइलच्या भानगडीनंतर परत वाचलं तेव्हा हसू नाही आलं. आता उरल्या चार, पुढची २०४० मध्ये, शेवटची २१०० मध्ये.

बहाव्याकडे परत येते. सेमिस्टरच्या शेवटी प्रेझेंटेशन होतं. माझे आलेख छान दिसत होते, कंट्रोल तळाला सपाट, सँडपेपर आणि ॲसिड वर. मी शेवटच्या स्लाइडवर ठोकून दिलं की निसर्गात मातीच्या कणांनी घासून आणि जिवाणू-बुरशीमुळे कवच झिजतं आणि सुप्तावस्था मोडते. असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मी पण लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "जमिनीत सँडपेपर कोण घासतं? तुम्ही बघितलंय?" मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

प्रश्न टोचलाच पण त्यामुळे मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. २००० मध्ये बास्किन जोडप्यानं नेमकं हेच तपासलं होतं, मातीनं घासणं आणि सूक्ष्मजीवांनी कुरतडणं ह्याला पुरावा किती, तर फारच तोकडा. आणि त्यांचा मुद्दा डोक्यात बसण्यासारखा आहे. समजा कवच असं कुठेही, कधीही झिजत असेल, तर बी कधीही उघडी पडेल, उन्हाळ्याच्या तोंडाला एखादा पाऊस पडला की फुगेल आणि रोप वाळून मरेल. मग एवढं घट्ट कवच करायचं कशाला? ह्या बियांना कुलूप आहे तसं कुलपाला किल्लीचं भोकही आहे, कवचात एक ठरलेली नाजूक जागा असते, विशिष्ट परिस्थितीत तीच उघडते आणि पाणी तिथूनच शिरतं. शेंगावर्गीयांत बहुधा हायलमजवळचा एक बारीक उंचवटा, त्याला लेन्स म्हणतात. अनेक जातींत ती उघडते तापमानामुळे, कुठे दिवस-रात्रीच्या चढउतारानं, कुठे आगीच्या धगीनं. आणि एकदा उघडली की परत मिटत नाही. इथे हा प्रकार संप्रेरकांच्या सुप्तावस्थेपेक्षा एकदम वेगळा पडतो, तिथे बी एका ऋतूत जागी होते, संधी हुकली तर परत झोपते, पुढच्या वर्षी परत जागी, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. बहाव्यासारखीला दुसरी संधी नाही.

मग मी नेलपॉलिश घेऊन बसले. उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून काढलेल्या बिया, एका गटात लेन्सवर नेलपॉलिशचा ठिपका, दुसऱ्या गटात तेवढाच ठिपका भलत्याच जागी. बी बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही आणि तिच्यावरचा तो उंचवटा टाचणीच्या डोक्याहून लहान, त्यावर ठिपका द्यायला ब्रशचे केस कापून तीनच ठेवले. निकाल बऱ्यापैकी आला. लेन्स झाकलेल्या बहुतेक टणक राहिल्या, दुसऱ्या गटातल्या बहुतेक फुगल्या. पण काही लेन्स झाकूनही फुगल्या आणि भिंगातून बघितलं तर त्यांच्या कवचाला भलतीकडेच तडा, उकळत्या पाण्याचा दणका कुलूप-किल्ली बघत नाही. मी तो आलेख प्रोजेक्टमध्ये टाकला आणि खाली तडा गेलेल्यांची संख्याही लिहिली. दादांनी सांगितलं होतं की परीक्षक विचारायच्या आधी आपणच लिहिलेलं बरं.

खरं उत्तर मातीतच मिळणार होतं, म्हणून ज्या उन्हातान्हाला टाळायला मी हा विषय घेतला त्यातच शेवटी उतरले. नायलॉनच्या जाळीच्या छोट्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत ५० बिया, आणि तीन ठिकाणी ठेवल्या, काही जमिनीवर पालापाचोळ्याखाली, काही दोन-तीन सेंटिमीटर खोल, काही दहा. ठरलेल्या महिन्यांना थोड्या थोड्या काढायच्या. शिकलेली गोष्ट क्रमांक एक, प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करनं लिहिलेलं पहिल्याच पावसात धुऊन जातं. पेन्सिलनं लिहिलेलं राहतं. मला हे सांगितलेलं होतं, तरी मी मार्कर वापरला, आणि सात पिशव्या किती खोल पुरलेल्या होत्या ते आजतागायत कळलेलं नाही. वाळवीनं तीन पिशव्यांचे दोरे खाल्ले. एक पिशवी कोणीतरी उकरून नेली, उंदीर असावा, जाळी फाडून बिया फोडलेल्या, टरफलं तिथेच.

बाकीच्यांची वर्गवारी बोटांनीच करायची. पिशवी धुवायची, बिया पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायच्या, एकेक दाबून बघायची. टणक आहे ती अजून बंद. फुगलेली पण घट्ट ती उघडलेली आणि जिवंत. दाबल्यावर पिचकन फुटली ती कुजलेली. रिकामं टरफल असलं तर आत उगवून गेली किंवा कोणी खाल्ली, ह्यात फरक करणं फार अवघड जातं. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालं की ट्रेकडे न बघता गप्पा मारत टणक आणि मऊ वेगळं करत होते. उन्हाळा उलटल्यानंतर काढलेल्या पिशव्यांत वरच्या थरातल्या काही बिया मऊ लागल्या. खोलवरच्या जवळजवळ सगळ्या टणक. मी उड्या मारल्या, तापमानाच्या चढउताराचंच काम दिसतंय म्हणून. मॅडम म्हणाल्या, "वरच्या थरात ऊन पण जास्त, किडे पण जास्त, ओल-सुकं पण जास्त. कशामुळे ते कसं सांगणार?" बरोबरच होतं. त्यासाठी तापमान मोजणारे लॉगर पुरायला हवे होते आणि ते मी पिशव्या पुरल्यावर चार महिन्यांनी मागितले.

आकडेमोडीचं थोडक्यात, कारण तो भाग मला आठवायचा पण नाही. टक्केवारी काढून सरळ ॲनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावला होता, तो परत करावा लागला, कारण उगवली किंवा नाही उगवली असा दोनच उत्तरांचा डेटा असतो तेव्हा बायनोमियल मॉडेल लावतात. आणि सगळ्या रेप्लिकेटमध्ये शून्य असलेला गट आला की ते मॉडेलही डोकं फिरवतं, कंट्रोलची एरर भिंतीएवढी मोठी दाखवतं. दादांनी दुसरी पद्धत लावून दिली, मी आभारात त्यांचं नाव लिहिलं.

प्रोजेक्ट जमा झाला, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा झाली. जमिनीत अजून अकरा पिशव्या राहिल्या होत्या. सगळ्या खोलवरच्या, कारण त्यांची पाळी शेवटी यायची होती आणि माझी मुदत आधी संपली. पुढच्या बॅचच्या एका मुलीला मी जागा दाखवली, झाडापासून पावलं मोजून, आणि नकाशा काढून दिला, पेन्सिलनं. तिनं विचारलं, ताई, ह्यातल्या आता कुठल्या काढू? म्हटलं दोनच काढ, बाकीच्या राहू देत, आणि आधी लॉगर पुर. परवा तिचा मेसेज आला, दोन्ही पिशव्यांचा ट्रेमधला फोटो, पन्नास-पन्नास तपकिरी चकचकीत बिया ओळीत मांडलेल्या. खाली लिहिलं होतं, "सगळ्या टणक. हातोडी नाही वापरली हं."